हीटरचा प्लग पोचत नाही तेव्हा

पावसाळा लागला की तेच प्रश्न. कुणाचे कपडे वाळत नाहीत, कुणाच्या घरी बाळंतीण आलेली असते. हीटर बाहेर निघतो आणि प्लग भिंतीपर्यंत पोचत नाही.

प्रश्न : टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर 2000 वॅटचा हीटर चालेल का? (फोंडा)

नाही.

प्रश्न : हीटरच्या पिना जाड, बोर्डाची भोकं बारीक. दुकानदाराने कन्व्हर्टर दिला, म्हणाला सगळे हेच लावतात. वायर गरम होते, पण एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. म्हणजे ठीक ना? (म्हापसा)

ठीक नाही. 2000 वॅट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. बारीक भोकांचा बोर्ड 6 अँपिअरचा. पिना जाड केल्यात त्या त्याच्यात शिरू नयेत म्हणूनच, आणि कन्व्हर्टर नेमकी तीच अडचण दूर करतो! एमसीबीची तर कमालीची गैरसमजूत आहे. 16 अँपिअरचा एमसीबी भिंतीतली वायर सांभाळतो, तुमची लोंबती वायर नव्हे. पावणेनऊ अँपिअर त्याच्या खिजगणतीत नाहीत. पण बोर्डाच्या 6 अँपिअरपुढे ते जवळपास दीडपट आहेत, आणि करंट दीडपट झाला की वायरीतली उष्णता सव्वादोनपट होते. शॉर्ट होईपर्यंत एमसीबी गप्पच बसेल.

असाच एक कन्व्हर्टर मी मागे ओढून काढला. पिना तपकिरी, प्लास्टिक सॉकेटला चिकटलेलं. घरच्यांना आठ दिवस जळका वास येत होता. त्यांना वाटलं, शेजारी काहीतरी जाळतात. वास आला की त्याच मिनिटाला मेन बंद करायचा असतो.

आणि ‘हेवी ड्युटी’च्या चिठ्ठीवर जाऊ नका. करंगळीएवढ्या जाड वायरीत प्लास्टिकच जास्त निघतं. तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर तांब्याचा नुसता मुलामा आहे. एक्स्टेन्शन घ्यायचीच तर आयएसआय मार्कची, तीन कोअरची (आत तीन तारा असलेली), निदान 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची, दोन्ही टोकं 16 अँपिअरची, आणि लागेल तेवढीच लांब. त्याहून बरं म्हणजे परवानाधारक वायरमनकडून खोलीतच 16 अँपिअरचा पॉइंट काढून घेणं.

प्रश्न : उरलेली वायर गुंडाळून खाटेखाली ठेवली तर? (काणकोण)

उष्णता कोंडते. पूर्ण उलगडा. चटईखालूनही नको.

प्रश्न : आमचं घर आजोबांच्या वेळचं, सॉकेटला दोनच भोकं. तिसरी पिन कापू का? (डिचोली)

मुळीच नको. ती अर्थिंगची पिन आहे. हीटरच्या पत्र्यात करंट उतरला तर तीच वाचवते. जुन्या वायरिंगची अवस्था मला इथून दिसत नाही. वायरमन येऊन तपासेपर्यंत हीटर खोक्यात राहू दे.

प्रश्न : नवा बोर्ड चवथीला माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या) दिव्यांच्या माळांना चालेल? (पेडणे)

खुशाल. फक्त त्याच वेळी त्यावर हीटर नको.