श्रीमंत लोक कायद्यात राहून कमी टॅक्स कसा भरतात?

तुमचा प्रश्न असा आहे: "माझा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. मग माझ्यापेक्षा कितीतरी पैसेवाली माणसं कायदा न मोडता कमी टॅक्स कसा भरतात? कायदा मुद्दामच एवढा किचकट ठेवला आहे का?"

मी नागपुरात बर्डीवरच्या एका कर सल्लागाराकडे उमेदवारी केली आणि गेली बावीस वर्षं स्वतः लोकांची रिटर्न भरतो. शिक्षक, बँकेतले लोक, गांधीबागचे कापड व्यापारी, काटोलकडचे संत्रा बागाईतदार, सगळे येतात. त्यावरून सांगतो.

पगारदाराचं उत्पन्न कोणत्या नावाचं (पगार की नफा), कोणत्या तारखेचं आणि कोणाचं, हे आधीच ठरलेलं असतं. ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याला यातलं बरंच काही निवडता येतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आधी नावाचं बघू. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. एकाला वर्षाला १ कोटी पगार आहे. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन, अधिभार आणि सेस धरून त्याचा टॅक्स २९ लाखांच्या वर जातो. दुसऱ्याला पगार नाही, पण त्याने जुने, शेअर बाजारात नोंदलेले शेअर विकून १ कोटीचा दीर्घकालीन नफा कमावला. त्याला पहिल्या सव्वा लाखावर टॅक्स नाही, बाकीच्यावर दर १२.५ टक्के. मूळ करमुक्त मर्यादा, अधिभार आणि सेस धरून त्याचा टॅक्स होतो साधारण साडेतेरा लाख. दोघांच्या खात्यात कोटच आला, आणि दुसऱ्याने काहीही लपवलेलं नाही. २००४ ते २०१८ या काळात तर शेअर बाजारातल्या अशा नफ्यावर टॅक्सच नव्हता.

त्याने शेअर विकलेच नाहीत तर टॅक्स शून्य. पैसे लागले तर शेअर तारण ठेवून कर्ज काढायचं, कारण कर्ज हे उत्पन्न नाही. पुढे शेअर मुलांकडे गेले तरी वारसा कर नाही. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या संपत्तीवर १९५३ पासून कर होता, तो १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर हिंदू अविभक्त कुटुंबाचं वेगळं पॅन काढता येतं आणि त्या पॅनवर मूळ करमुक्त मर्यादा आणखी एकदा मिळते. मागच्या वर्षी माझ्याकडच्या एका मास्तरांनी हे ऐकून विचारलं होतं, "माझ्या पगाराचं नाही का होत असं?" नाही होत. तो पगार तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा, तो तुमच्याच नावावर लागतो.

आता किचकटपणा. एक प्रसंग सांगतो, कारण तो मला अजून टोचतो.

खेड्यातली शेतजमीन विकली तर तिच्या नफ्यावर आयकर नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती 'भांडवली मालमत्ता'च नाही. नागपूरसारख्या मोठ्या शहरात मात्र महापालिकेच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन खेड्यातली धरत नाहीत, तिच्या नफ्यावर टॅक्स लागतो. २००८ मध्ये आमच्याकडे उमरेड रोडकडचे एक काकाजी आले. त्यांनी जमीन चांगल्या भावाने विकली होती. साहेबांनी मला पाठवलं. हद्दीच्या पाटीपासून शेताच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) मी स्कूटरचं मीटर बघत गेलो. ८.४ किलोमीटर भरले. मग बांधकाम खात्याकडून अंतराचा रीतसर दाखला आणला. आयकर विभागाने नकाशावर सरळ रेघ ओढली आणि अंतर ८ च्या आत काढलं. कायद्यात अंतर लिहिलं होतं, ते रस्त्याने मोजायचं की पाखरासारखं सरळ, हे लिहिलं नव्हतं!

काकाजी म्हणाले, "काऊन जी, मी काय चोरी करून राहिलो का?" आणि अपिलात गेले. वकील लावला, वर्षानुवर्षं तारखा केल्या. संसदेने २०१३ मध्ये दुरुस्ती करून 'अंतर सरळ हवाई मोजायचं' असं घातलं. जुन्या वर्षांसाठी मात्र रस्त्याचंच अंतर धरायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये दुसऱ्यांच्या प्रकरणांत म्हटलं. काकाजींवरची टॅक्सची मागणी रद्द झाली.

त्यांच्या धुऱ्याला धुरा लागून दोन एकरवाला एक शेतकरी होता. त्याने त्याच खरेदीदाराला, त्याच वर्षी जमीन विकली होती. त्यालाही नोटीस आली. त्याने घाबरून सगळा टॅक्स व्याजासकट भरून टाकला. मला हे कळलं तेव्हा अपिलाची मुदत कधीच संपून गेली होती.

म्हणून मुद्दाम किचकट ठेवला का, याला माझं उत्तर 'नाही' असं आहे. कोणीतरी सवलत मागतं, सरकार देतं, ज्यांच्यासाठी ती नव्हती ते तिच्यात शिरतात, मग सरकार बूच लावतं. कोट्यवधींचा फ्लॅट घेऊन भांडवली नफ्यावरचा टॅक्स पूर्ण वाचवता यायचा, म्हणून २०२३ मध्ये त्याला १० कोटींची मर्यादा घातली. विम्याचे मोठे हप्ते भरून करमुक्त पैसे काढले जात होते, म्हणून त्याच वर्षी वार्षिक ५ लाखांवरच्या हप्त्यांच्या पॉलिसींची सूट काढली. असं करत १९६१ च्या कायद्यातली २९८ कलमं ८१९ वर गेली. छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरातून निवडलेले हुशार अधिकारी हे शिकायला वर्षाहून जास्त काळ राहतात. दोन एकरवाल्याने ते कधी शिकायचं? किचकटपणा कोणी ठरवून आणला नसेल, पण त्याचा फायदा ज्याला वकील परवडतो त्यालाच होतो, आणि हा अन्यायच आहे असं माझं ठाम मत आहे.

कायदेशीर करनियोजन कुठपर्यंत चालतं, यावर न्यायालयांचंही एकमत नव्हतं. १९८५ मध्ये मॅकडॉवेल या दारू कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देखाव्याचे व्यवहार म्हणजे करनियोजन नव्हे. २०१२ मध्ये व्होडाफोन प्रकरणात त्याच न्यायालयाने व्यवहार देखाव्याचा नाही म्हणत ११ हजार कोटींहून मोठी टॅक्सची मागणी रद्द केली. त्यानंतर कर टाळण्याविरुद्धचा सर्वसाधारण नियम आला, २०१७ पासून लागू. पण तो करलाभ ३ कोटींच्या वर असेल तरच लागतो.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमं ५३६ वर आली, शब्द जवळपास निम्मे झाले. भाषा खरंच सुधारली आहे, मी वाचली. पगाराला एक दर आणि नफ्याला दुसरा, हे मात्र तसंच आहे. शेतीचं उत्पन्न कितीही असलं तरी करमुक्त, हेही तसंच. बागेचं उत्पन्न फुगवून दुकानाचा पैसा त्यात घालणारे माझ्याकडे येतात. ती सरळ चोरी आहे, त्यांची रिटर्न मी भरत नाही.

तुम्ही स्वतः काय करायचं? दोन्ही करप्रणालींत हिशेब करून बघा, पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण फॉर्म १६ शी ताडून पाहा, आणि कोणी खोट्या भाडेपावत्या किंवा देणगीच्या पावत्या लावून देतो म्हणाला तर उठून या. विभागाच्या आदेशाने मागणी निघालीच तर भीतीपोटी पैसे भरू नका. आदेश हातात पडल्यापासून अपिलाला ३० दिवस असतात, आणि पहिल्या अपिलाची फी जुन्या कायद्यात जास्तीत जास्त १ हजार रुपये होती. त्या दोन एकरवाल्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.