चार स्क्रू की आठ?

प्रश्न : वडील 61 वर्षांचे. हापूस उतरवताना फांदी मोडून कलमावरून पडले. कमरेचा पहिला मणका फुटलाय. पाय हलतात, लघवी नीट होते. कणकवलीचे डॉक्टर चार स्क्रू म्हणतात, कोल्हापूरचे आठ. ऐकायचं कुणाचं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आंब्याचा हंगाम सुरू झाला की असे मणके माझ्याकडे येतातच. फुटतो तोही बऱ्याचदा हाच. बरगड्यांनी जखडलेला पाठीचा ताठ भाग संपून कंबरेचा हलता भाग सुरू होतो, त्या जोडावर सगळा दणका बसतो.

दोघांपैकी कुणीही तुम्हाला फसवत नाहीये. चार म्हणजे फुटलेल्या मणक्याच्या वरच्या एकात आणि खालच्या एकात डावा-उजवा स्क्रू, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन सळ्या. आठ म्हणजे वरचे दोन मणके, खालचे दोन. आठात पकड भक्कम, पण धडधाकट मणके जास्त अडकतात, कंबर तेवढी कमी वाकते. चारात कंबर मोकळी. मात्र स्क्रू घालतात पाठीमागून, आणि चुरा झालेला असतो मणक्याचा पुढचा भाग. तिथे टेकूच उरला नसेल तर भार स्क्रूंवर येतो. ते वाकतात, क्वचित तुटतात, पाठीला पोक येतो. पुढचं हाड किती चुरलंय, तुकडे किती पांगलेत, हे सीटी स्कॅनवर मोजून गुण द्यायची पद्धत 1994 पासून आहे; जास्त चुरा, जास्त गुण. तुमच्या वडिलांचे गुण किती, हे दोघांनाही विचारा.

सहाचा पर्यायही आहे. फुटलेल्या मणक्याच्या मागच्या बाजूचे दोन दांडे, म्हणजे पेडिकल, शाबूत असतील तर त्यांतही स्क्रू बसवता येतात. जास्तीचे मणके न अडकवता पकड वाढते. जमत असेल तिथे मी हेच करतो.

पण त्याआधीचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही : ऑपरेशन लागणारच आहे का? पायांत ताकद आहे, लघवी होते आहे. एमआरआयमध्ये मागचे अस्थिबंधही, म्हणजे मणके एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, धड असतील आणि मणका फार वाकलेला नसेल, तर अनेकांचं नुसत्या पट्ट्यावर आणि वेळोवेळच्या एक्स-रेवर भागतं. अस्थिबंध फाटले असतील तर स्क्रू हवेतच. नस मोकळी करायची नसेल तर ते छोट्या छेदांतूनही घालता येतात. रक्त कमी जातं, पाठीचे स्नायू वाचतात.

एकसष्टी म्हणजे डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्याच. हाड ठिसूळ असेल तर स्क्रू म्हणजे वाळवी लागलेल्या वाशात ठोकलेला खिळा. अशा वेळी स्क्रूभोवती सिमेंट भरतात किंवा जास्त मणके अडकवतात, आणि तिथे कोल्हापूरवाल्यांचे आठ रास्त ठरतात. सिमेंट बाहेर झिरपायचा धोका असतो, तोही विचारून ठेवा.

दुसऱ्या मतासाठी नुसते रिपोर्टचे कागद नेऊ नका, सीटी-एमआरआयची सीडी न्या. ती तुम्ही एकट्याने नेली तरी चालते. वडिलांना फोंडाघाटातून गाडीत बसवून नेऊ नका. आणि लघवी तुंबली, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली किंवा पाय लुळे वाटले, तर मतं गोळा करणं थांबवा, 108 ला फोन करून त्यांना आडवं झोपवूनच जिथे लगेच ऑपरेशन होईल तिथे हलवा.