सायबरपंक २०७७ ने एवढा पोपट केल्यावर त्याच्या दुसऱ्या भागाकडून आशा ठेवावी का?

तुम्ही विचारलंय की या व्हिडिओ गेमचा पहिला भाग पीएस४ वर (सोनीचं जुनं गेम मशीन, म्हणजे कन्सोल) घेऊन हात पोळले, आता दुसरा येतोय म्हणतात, तर तो बनवणारी सीडी प्रोजेक्ट कंपनी सुधारली असेल का आणि बुकिंग उघडल्या उघडल्या करून टाकावं का.

बुकिंगचं आधी सांगते. नका करू. तसंही ते उघडायला अजून पुष्कळ वेळ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ओरायन’ या नावाने घोषणा झाली आणि मे २०२५ मध्ये कुठे कंपनीने कळवलं की कल्पना ठरवायचा टप्पा संपला, आता प्री-प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष बनवण्याआधीची तयारी, सुरू. त्याच्या आधी त्यांचा दुसरा गेम, विचर ४, यायचाय, आणि तोसुद्धा २०२६ संपायच्या आत येणार नाही हे त्यांनीच सांगून ठेवलंय. पैसे तूर्त खिशात राहू द्या.

कंपनी सुधारली का, यावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण मी टेस्टर आहे, म्हणजे विक्रीआधी चुका शोधणारी. गेमची नाही, मोबाइल अ‍ॅपची. पण खापर फुटायची वेळ आली की सगळे टेस्टर एकाच ओळीत उभे असतात.

१३ जानेवारी २०२१ ला सीडी प्रोजेक्टच्या संस्थापकांपैकी एक, मार्चिन इविन्स्की, यांनी माफीचा व्हिडिओ टाकला. टीमला दोष देऊ नका, निर्णय आमचा होता, असं ते म्हणाले. तेवढं चांगलं केलं. पण त्याच व्हिडिओत असंही होतं की तुम्हाला जो त्रास झाला, त्यातला बराचसा आमच्या टेस्टिंगमध्ये दिसलाच नव्हता. आम्ही तेव्हा नौपाड्यातल्या घरी होतो, मी आणि दादा एकाच सोफ्यावर. ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि दादा म्हणाला, “असेल ना, टेस्टिंग टीम कच्ची असेल.” दादा डेव्हलपर आहे, महापेला.

आता ‘दिसलाच नाही’ म्हणजे काय दिसलं नाही ते तुम्हाला माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते. डिस्क दादाने आधीच बुक करून ठेवली होती. आमचा पीएस४ साधा, जुना. गाडी जरा जोरात पळवली की पुढचा रस्ता रिकामा, आणि मग डोळ्यांदेखत माणसं उगवणार. भिंतीवरची जाहिरात आधी नुसते रंगाचे पट्टे, चार-पाच सेकंद समोर उभं राहिलं की मग अक्षरं. समोरचा माणूस तावातावाने बोलतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर नाकडोळे अजून यायचेत. आणि हे सगळं सोसत मिशन संपत आलं की निळा स्क्रीन, सीई-३४८७८-०. तो एरर कोड माझ्या आईलाही पाठ झाला होता. मशीनचा पंखा मिक्सरसारखा घरघरायचा, आई आतून ओरडायची, “दुपारी झोपू द्या रे!”

हे टेस्टिंगमध्ये दिसलं नाही? अहो, टेस्टर लागतोच कशाला, चहा द्यायला आलेल्या माणसालाही दिसलं असतं. पीएस४ २०१३ सालचं मशीन, घराघरांत तेच. गेम विकत होतात त्याच मशीनसाठी.

मी त्यांच्या ऑफिसात नव्हते, मान्य. पण बाहेरून जे दिसलं तेवढंही पुरे आहे. तारीख एप्रिल २०२० ची होती, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर. ५ ऑक्टोबरला सांगितलं की गेम गोल्ड झाला, म्हणजे डिस्क छापायला गेली. २७ ऑक्टोबरला पुन्हा पुढे ढकलला, १० डिसेंबर. छापायला गेल्यावर ढकलला! आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना आधी कॉपी दिल्या त्या फक्त पीसीच्या. जो कन्सोलची कॉपी हातात देत नाही, त्याला कन्सोलवर काय चाललंय ते पक्कं ठाऊक असतं. ऐंशी लाख लोकांनी आगाऊ बुकिंग केलं होतं, त्यातल्या एकालाही तो साध्या पीएस४ वर कसा चालतो हे बघायला मिळालं नव्हतं.

हेच मी दादाला सांगत होते, तर तो म्हणाला, “बग दिसला असेल तर जोर लावायला नको? नुसतं तिकीट टाकून मोकळं व्हायचं?” (बग म्हणजे चूक, तिकीट म्हणजे तिची लेखी नोंद.) इथे आमचं भांडण सायबरपंकवरून घसरून ऐरोलीला गेलं, आणि ते आजतागायत तिथेच आहे.

कोविडच्या आधी मी ऐरोलीला एका कंपनीत होते. बिलं भरायचं अ‍ॅप होतं. ऑफिसात टेस्टिंगला दिलेले फोन सगळे नवे कोरे, त्यांच्यावर अ‍ॅप लोण्यासारखं मऊ, तक्रारीला जागाच नाही. मी सवयीने घरी आईच्या जुन्या फोनवर टाकून बघितलं, दोन जीबी रॅमवाला. ओटीपी टाकला, पैसे भरतोय असं चक्र फिरायला लागलं, आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला. बोलून परत अ‍ॅपमध्ये यावं तर ते मागच्या मागे बंद पडून पहिल्यापासून सुरू झालेलं. बिल ‘बाकी’ दिसतंय, खाली पैसे भरायचं बटण तयार. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज मात्र येऊन पडलेला. समोर बटण आहे म्हटल्यावर माणूस काय करणार? पुन्हा दाबणार. दोनदा पैसे.

मी तिकीट टाकलं. पायऱ्या लिहिल्या, फोनचं मॉडेल लिहिलं, दुसऱ्या फोनने शूट केलेला व्हिडिओ जोडला. सिव्हिरिटी वन, म्हणजे सगळ्यात गंभीर. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये डेव्हलपर म्हणाला, “माझ्या फोनवर चालतंय.” मॅनेजर म्हणाले, असले फोन आता वापरतं कोण, आणि क्लायंटने तारीख जाहीर केली आहे. तिकीट डिफर्ड, म्हणजे नंतर बघू. मी पुन्हा उघडलं, पुन्हा डिफर्ड. यापुढे टेस्टरच्या हातात काय असतं? साइन ऑफ, म्हणजे रिलीजला मंजुरी, देऊ नये म्हणावं, तर ते मॅनेजरही देऊ शकत होते आणि त्यांनी दिलं.

रिलीज झालं आणि तक्रारी सुरू झाल्या. क्लायंटसोबतच्या कॉलवर पहिला प्रश्न, “हे टेस्टिंगमध्ये कसं सुटलं?” मी तिकीट नंबर वाचून दाखवला. त्यावर मॅनेजर म्हणाले, “आपण इथे कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही.” दोष माझ्याकडे येत होता तोवर मात्र छान बसले होते! संध्याकाळी ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या दादाला फोन करून सगळं सांगितलं, तर तेव्हाही त्याचं तेच. तू जोर लावला नाहीस. व्हिडिओसकट तिकीट दिलं होतं, आणखी काय, ढोल-ताशा पथक न्यायचं होतं का मीटिंगला?

तर मुद्द्यावर येते. लोक म्हणतात आता सीडी प्रोजेक्टवाले स्वतःचं रेडइंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) सोडून अनरिअल इंजिन ५ वर गेलेत, म्हणजे पुढचा भाग नीट येईल. येईलही. पण इंजिनाने तारीख ठरवली नव्हती. दुसरे म्हणतात, पहिला फसलेला आणि दुसरा भारी अशी उदाहरणं आहेतच की. आहेत. असॅसिन्स क्रीड २००७ चा, तीच तीच कामं करून जीव विटायचा, २००९ च्या दुसऱ्या भागात सगळं पालटलं. वॉच डॉग्सचंही तसंच, २०१४ चा रडका आणि २०१६ चा सॅन फ्रान्सिस्कोवाला धमाल. पण तिथे गेम कंटाळवाणा होता, आणि कंटाळा कुठे येतो हे लोकांनी सांगितल्यावर तो दुरुस्त करता येतो. इथे गेम चांगलाच होता. मोडकी वस्तू माहीत असून विकायची की नाही, हा निर्णय चुकला. आणि तो निर्णय कुठल्याही कोडमध्ये सापडत नाही.

दादाचा हुकमी एक्का असतो: “शेवटी केला ना त्यांनी नीट?” केला. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० हे मोठं अपडेट आलं, पाठोपाठ फँटम लिबर्टी ही गेमची पुरवणी. सगळीकडे वाहवा, काय पुनरागमन केलं. पण पीएस४ ला ना २.० मिळालं ना फँटम लिबर्टी. म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली, त्यांनी मोडका गेम घेतला आणि दुरुस्त झालेला बघायला नवं मशीन घ्यायचं. सोनीने १७ डिसेंबर २०२० ला गेम स्वतःच्या स्टोअरमधून काढला आणि पैसे परत दिले, ते डाउनलोडवाल्यांना. आमची डिस्क. स्टेशनजवळच्या दुकानदाराने, सील फोडलंय म्हणून हात वर केले. नंतर दादाने ती कुणाला तरी कवडीमोलाने दिली. बरं, या कंपनीची ही जुनीच सवय आहे. पहिला विचरही २००७ मध्ये ओबडधोबड आला आणि पुढच्या वर्षी सुधारलेली आवृत्ती निघाली, जुन्या ग्राहकांना फुकट. नंतर नीट करण्यात ते पटाईत आहेत हो. मला भीती त्याचीच वाटते, कारण नंतर नीट करता येतं हे एकदा कळलं की आधी नीट करायची घाई कुणाला असते?

तेव्हा दुसरा भाग येईल तेव्हा ट्रेलर बघू नका, किआनू रीव्ह्जसारखा कुणी नट स्टेजवर आणला तर टाळ्या वाजवा आणि घरी जा. तुमच्याकडे जे मशीन असेल, त्याच मशीनवरचे रिव्ह्यू विक्रीच्या आधी आलेत का तेवढं बघा. आले नसतील तर थांबा. नवं कन्सोल येऊन जुनंही चालू आहे अशा मधल्या काळात गेम आला तर जुन्यासाठी अजिबात घेऊ नका. २०२० मध्ये नेमकं तेच झालं होतं. आणि भारतात घेताना डिस्क की डाउनलोड हा विचार परतीच्या पैशांच्या बाजूनेही करा. डिस्क पुढे विकता येते हे खरं, पण फसलेल्या गेमची डिस्क कुणी घेत नाही.

हे सगळं वाचून मला तो गेम आवडत नाही असं वाटेल. तसं नाही. २.० नंतर पीसीवर पूर्ण खेळले, त्यातलं नाइट सिटी हे शहर अप्रतिम आहे, फँटम लिबर्टी तर त्याहून सरस. तुमच्याकडे बरा पीसी किंवा पीएस५ असेल तर पहिला भाग आत्ताच सेलमध्ये घ्या, दुसऱ्याची वाट बघत बसू नका.

फक्त तो फसला तर कमेंटमध्ये टेस्टरना शिव्या घालू नका. बहुतेक वेळा ते तिकीट टाकलेलं असतं, कुणीतरी डिफर केलेलं असतं, आणि डिफर करणाऱ्याचं नाव माफीच्या व्हिडिओत येत नाही. आमच्या ऐरोलीच्या मॅनेजरांना त्याच वर्षी बढती मिळाली. दादा म्हणतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.