आधी एमआरआय की पेट स्कॅन?

प्रश्न : सुनेचं वय २६. डाव्या हाताची नाडी लागत नाही. बेळगावच्या डॉक्टरांना ताकायासूची, म्हणजे मोठ्या धमन्यांना सूज येण्याच्या आजाराची शंका आहे. त्यांनी एमआरआय सांगितलाय. पाहुणे म्हणतात, थेट पेट स्कॅन (किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देऊन सूज चमकताना दाखवणारी तपासणी) करा.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पाहुण्यांचं राहू द्या, आधी एमआरआयच. धमनीची भिंत जाडावली का आणि वाट कुठे अरुंद झाली, दोन्ही त्यात दिसतं, किरणोत्सर्ग नाही. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मानेच्या धमन्या छान दिसतात, छातीतली महाधमनी नाही.

पेट सांगितलाच, तर किमान ६ तास उपाशी. पाणी चालतं, सकाळचा कपभर चहासुद्धा नको. इंजेक्शननंतर तासभर निवांत पडायचं. स्टेरॉइड सुरू होऊन ३ दिवस उलटले की सुजेची चमक मावळू लागते आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. पण म्हणून स्टेरॉइडची गोळी स्वतःहून लांबवू नका.

दर खेपेला स्कॅन लागत नाही. सूज उतरली तरी भिंत जाड राहू शकते, तेव्हा तुलनेसाठी जुनी सीडी जपा, नुसता कागद पुरत नाही. आणि बीपी उजव्या हातावर बघायला सांगा. डाव्यावर आकडा खोटा कमी येईल.