वाचकांचे प्रश्न: सुई नेमकी कुठे टोचायची

प्रश्न: माझी मुलगी चायनीज शिकते, तिसरं वर्ष. तिच्या पुस्तकात चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आलाय, अर्थ असा दिलाय की आपल्या काळातल्या वाईट गोष्टींवर नेमकी टीका करणं. मी मराठीची शिक्षिका, मी पटकन "कोरडे ओढणे" सुचवलं. तिच्या मॅडम म्हणाल्या, चालेल, पण बरोबर नाही. मग बरोबर काय? — एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तुमच्या मुलीच्या मॅडमचं बरोबर आहे आणि त्यांनी हे सांगितलं याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक जण इथे "चालेल" म्हणून पुढे जातात. तो वाक्प्रचार "चन प्येन ष् पी" असणार. पहिलं अक्षर सुई, दुसरं दगडाची सुई, तिसरं काळ, चौथं त्या काळातला बिघाड, खोड, गैरप्रकार. म्हणजे सरळ लावलं तर आपल्या काळाच्या दुखण्याला सुई टोचणं. आता कोरडे म्हणजे चाबूक, आसूडही तेच, ताशेरे ओढतो तेव्हाही आपण वरून खाली बोलत असतो. म्हणजे आपल्याकडे टीकेचे बरेच शब्द शिक्षेतून आलेत, हा शब्द वैद्याच्या पेटीतून आलाय. चाबूक मारणाऱ्याला समोरचा बरा व्हावा असं वाटत असेलच असं नाही, सुई टोचणाऱ्याला मात्र त्याचसाठी बोलावलेलं असतं.

मराठीत याच्या सगळ्यात जवळचं मला विचाराल तर "डोळ्यांत झणझणीत अंजन घालणं", कारण तेही औषध आहे, तेही झोंबतं, आणि झोंबल्यावर दिसायला लागतं. "वर्मावर बोट ठेवणं" यात नेमकेपणा येतो पण बरं करायची गोष्ट येत नाही. भाषांतर करताना मी वाक्य बघून दोन्हीतलं एक घेते, आणि जागा असेल तर सरळ लिहिते की अमक्याने आपल्या काळाची दुखणी नेमकी हेरून त्यांना नस्तर लावलं. नस्तर म्हणजे फोड चिरायचं वैद्याचं हत्यार, शब्द आता मागे पडलाय, पण इथे तो अगदी फिट बसतो.

प्रश्न: दगडाची सुई कशी असेल? दगडाला टोक काढून अंगात खुपसायचे? हे खरं आहे की नुसतं शब्दापुरतं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: खरं आहे, आणि इथेच सगळी मजा आहे म्हणून जरा थांबून सांगते. श्यू शन नावाच्या विद्वानाने इसवी सन 100 च्या आसपास चिनी अक्षरांचा मोठा कोश केला, त्यात या अक्षराचा अर्थ तीन-चार शब्दांत दिलाय, दगडाने दुखणं टोचणं, बस. आणि चिनी वैद्यकाचा जो सगळ्यात जुना मोठा ग्रंथ आहे, पिवळ्या सम्राटाच्या नावावरचा, त्यात तर कुठल्या भागातून कुठला उपचार आला तेही लिहिलंय. पूर्वेकडे समुद्रकिनारा, मासे आणि मिठाचा मुलूख, तिथली माणसं मासे खातात, खारट खायची त्यांना आवड, त्यामुळे त्यांना गळवं, फोड होतात आणि त्यावर उपाय म्हणजे टोकदार दगड, म्हणून तो उपचार पूर्वेकडून आला असं तो ग्रंथ म्हणतो. (उत्तरेकडून शेक आणि डाग, पश्चिमेकडून औषधं, दक्षिणेकडून बारीक सुया, अशी वाटणी आहे.) पुढे धातूच्या सुया आल्या. होपै प्रांतात 1968 मध्ये हान काळातल्या एका राजपुत्राची कबर उघडली, तो वारला इसवी सन पूर्व 113 मध्ये, त्यात 4 सोन्याच्या आणि 5 चांदीच्या सुया मिळाल्या. दगड तोवर बाजूला पडला होता, शब्दात मात्र तो राहिला.

आता गळू हा शब्द धरून ठेवा. घरात कुणाला गळू झालेलं ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे की आपल्या आज्या काय करायच्या, कच्चं असेल तर हात लावू द्यायच्या नाहीत, पोटीस बांधायच्या, पिकू द्यायच्या, तोंड कुठे धरलंय ते बघायच्या, आणि मग बरोबर तिथेच टोचायच्या. बोटभर बाजूला टोचलं तर नुसतं रक्त येणार, पू आतच राहणार आणि पोर बोंबलणार ते वेगळंच. चिनी माणूस लेखाला "सुई लावली" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हे सगळं असतं. त्यांच्याकडे उलटा वाक्प्रचारही आहे, बुटावरून खाजवणं, म्हणजे खाज पायाला आणि खाजवतोय चामडं. बरीचशी टीका अशीच असते हो, आवाज येतो, आराम पडत नाही.

प्रश्न: हे फक्त पत्रकारितेतच वापरतात का? एखादं चांगलं उदाहरण द्या ना, जुनं असेल तरी चालेल. — एक वाचक, नागपूर

उत्तर: कवितेलाही वापरतात, भाषणाला, व्यंगचित्रालाही. जुनं म्हणताय तर बाय जुयी. तांग काळातला कवी, 772 ते 846, स्वतः सरकारी अधिकारी. त्याने मित्राला पत्रात लिहिलं होतं की लेख लिहायचा तो काळासाठी आणि कविता करायची ती घडलेल्या गोष्टीसाठी. आणि त्याने ते करून दाखवलं. त्याची कोळसा विकणाऱ्या म्हाताऱ्याची कविता आहे. हा म्हातारा डोंगरात लाकडं तोडून कोळसा पाडतो, तोंडावर धूळ आणि धूर, दहाही बोटं काळी. अंगावर पातळ कपडे, आणि तरी मनात काय, तर थंडी वाढू दे, नाहीतर कोळशाला भाव येणार नाही. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं, कुडकुडणारा माणूस आणखी थंडी मागतोय, याच्यावर वेगळं भाष्य काय करणार. रात्री बर्फ पडतो, पहाटे तो बैलगाडी जुंपून शहरात येतो, बैल दमलेला, हा उपाशी, बाजाराच्या दक्षिण दरवाजाबाहेर चिखलात टेकतो. तेवढ्यात दोन घोडेस्वार येतात, हातात कागद, तोंडाने "हुकूम आहे", गाडी फिरवतात आणि राजवाड्याकडे हाकतात. हजार चिनी शेराच्या वर कोळसा, म्हणजे आपल्या हिशोबाने सहाशे किलोच्या पुढे, आणि किंमत म्हणून बैलाच्या डोक्याला लाल जाळीदार रेशमाचा अर्धा तागा आणि दहा फुटांचा एक रेशमी तुकडा बांधून देतात. कविता संपली.

राजवाड्याचे खोजे, म्हणजे खच्ची केलेले दरबारी सेवक, बाजारातून "खरेदी" करायचे त्या पद्धतीवर ही कविता आहे. पण त्यात खोज्यांना एक शिवी नाही, राजाचं नाव नाही. फक्त बैलाच्या डोक्यावरचं ते रेशीम. उपाशी म्हाताऱ्याने त्या रेशमाचं करायचं काय? टोचलं ते बरोबर तोंड धरलं होतं तिथे.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी सेक्रेटरीबद्दल परखड लिहिलं, अगदी नाव घेऊन, त्याच्या दिसण्याबोलण्यावरही लिहिलं, लोक माझ्यावरच चिडले. याला सुई म्हणायचं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही दादा, मनापासून सांगते, याला नाही म्हणता येणार. त्या वाक्प्रचारात टोचायचंय ते काळाच्या बिघाडाला, एका माणसाच्या नाकाडोळ्यांना नाही. लू शुनचं नाव ऐकलं असेल, 1881 ते 1936, जपानला वैद्यकी शिकायला गेला, 1906 मध्ये ती सोडली आणि लेखक झाला, त्यामुळे त्याच्या लिखाणात दुखणं आणि उपचार हे शब्द फार येतात. शांघायच्या वर्तमानपत्रात तो वेगवेगळ्या टोपणनावांनी छोटे लेख लिहायचा, आणि 1933 मध्ये त्या लेखांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या पद्धतीबद्दल लिहिलं की चालू गोष्टींवर बोलताना मी कुणाची भीड ठेवत नाही, आणि जुन्या मुरलेल्या खोडींना टोचताना बहुतेक वेळा नमुना घेतो. टोचणं यासाठी त्याने तेच दगडाचं अक्षर वापरलंय. नमुना म्हणजे एक माणूस नाही, त्या तऱ्हेची सगळी माणसं. तुमच्या सोसायटीत हिशोब वेळेवर लागत नसेल तर लिहा की हिशोब लागत नाही, कुठली पावती कधीपासून दिलेली नाही ते लिहा, कारण सेक्रेटरी उद्या बदलेल आणि हिशोब तसाच राहील.

आणि एक गंमत नाही, खरीच महत्त्वाची गोष्ट. चीनमध्ये मुलं हा वाक्प्रचार लिहिताना एक चूक हमखास करतात. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला दगड काढायचा असतो, ती तिथे शिंपला काढतात, उजवी बाजू सेम. शिंपल्याचं अक्षर झालं की उच्चार जवळपास तोच राहतो, फक्त सूर बदलतो, पण अर्थ होतो कमी लेखणं, हिणवणं, दर्जा उतरवणं. मी शिकत असताना माझ्याही वहीत हेच झालं होतं. सरांनी लाल पेनने शिंपल्यावर काट मारली आणि वर दगड काढला, पाच रेघा, आणि मला म्हणाले की याने बरं करायचंय. ती वही अजून आहे माझ्याकडे. दादा, तुमच्या मेसेजमध्ये शिंपला पडलाय एवढंच.

प्रश्न: ज्याच्यावर टीका होते त्याने ऐकलंच नाही तर कितीही नेमकी सुई असून काय उपयोग? — एक वाचक, मडगाव

उत्तर: याचं उत्तर चिन्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी गोष्टीत दिलंय, हान फेइ नावाच्या विचारवंताच्या लिखाणात आहे. ब्येन च्वे नावाचा नामांकित वैद्य साय राज्याच्या राजाला म्हणाला, तुम्हाला दुखणं आहे, अजून कातडीत आहे. राजा म्हणाला मला काही झालेलं नाही, आणि वैद्य गेल्यावर म्हणाला की या लोकांना धडधाकट माणसावर उपचार करून नाव कमवायचं असतं. दहा दिवसांनी वैद्य म्हणाला मांसात गेलं. आणखी दहा दिवसांनी म्हणाला आतड्यांत गेलं. राजाने तोंड फिरवलं. पुढच्या दहा दिवसांनी वैद्याने राजाला लांबूनच पाहिलं आणि मागे वळून पळाला. माणूस पाठवून कारण विचारलं तर तो म्हणाला, कातडीत होतं तोवर शेकाने गेलं असतं, मांसात होतं तोवर सुई आणि दगडाने, आतड्यांत होतं तोवर काढ्याने, आता हाडांच्या मगजात गेलंय, आता मी काय सांगणार.

पाच दिवसांनी राजाचं अंग दुखायला लागलं, त्याने वैद्याला शोधायला माणसं धाडली. तोवर ब्येन च्वे छिन राज्यात निघून गेला होता.