रहस्यकथा लिहायचीय, पण कशासाठी?

खुनी कोण हे ठरवण्याआधी तुला ही कथा का लिहायचीय ते बघ. वाचकाला चकवायची खुमखुमी असेल, तर शेवट आधी पक्का कर आणि मग मागे येत धागेदोरे पेर. पेपरातल्या बातमीने डोकं फिरलं असेल, तर कोडं बाजूला ठेव. पंचनाम्यावर सही करायला पंच म्हणून धरून आणलेला शेजारचा वाणी काय बघतो, काय बघायचं टाळतो, ते लिही. मला विचारशील तर अशाच कथा टिकतात. (नुसत्या खपतात म्हणून लिहायला बसलास तर तिसऱ्या पानावर कंटाळशील.)

आणि हो, खून १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर ३०२ लावू नकोस. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. जुना हवालदार सवयीने ३०२ म्हणाला तर चालेल.