सायकलवरून उतरल्यावर पाय जड का होतात?

प्रश्न: पहिलीच स्प्रिंट ट्रायथलॉन करतेय, ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. तलावात पोहायची भीती वाटते आणि सायकलनंतर पाय दगड होतात, काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, पाय जड होणारच, माझे अजूनही होतात. सायकलवर मांड्या एकाच पद्धतीने चालत असतात आणि उतरलं की अंगाचं सगळं वजन एकदम पायांवर येतं, त्यामुळे पहिला किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत, पण नंतर सुटतात बघा. आठवड्यातून एकदा सायकल झाली की लगेच दहा-पंधरा मिनिटं पळत जा, आणि रेसमध्ये उतरायच्या थोडं आधी गियर हलका टाकून पाय भरभर फिरवा.

पोहण्याचं मात्र मनावर घ्या. पूलमध्ये तळाला पट्टी दिसते, तलावात नुसतं गढूळ हिरवं पाणी, वर आजूबाजूच्यांचे हातपाय लागतात, म्हणून सुरुवातीला कडेला थांबा, दर सात-आठ हातांनी डोकं वर काढून बोया (मार्ग दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण) बघा, दम लागला तर उताणं पडून श्वास घ्या, चालतं ते. तलावात एकटीने सराव नको, प्लीज! आणि बाहेर आल्यावर आधी हेल्मेटचा पट्टा लावा, मगच सायकलला हात, नाहीतर पेनल्टी बसते.